श्रीलंकेला निघण्याआधीचे चाळीस तास

निवड व्हायच्या आधीच मी स्वतःचा निरोपसमारंभ ठरवून बसलो. शाल, श्रीफळ, चौकात फ्लेक्स, सगळं ठरलं. फक्त जिथे जायचं होतं, त्यांनी मला अजून बोलावलेलं नव्हतं.

झालं असं. चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्समध्ये बत्तीस वर्षं काढून मी निवृत्त झालो आणि तिसऱ्याच महिन्यात घरात नकोसा झालो. मिक्सर सुरू केला की दुसऱ्या खोलीतून 'बेअरिंग गेलंय' असं ओरडणारा माणूस दिवसभर घरात कोणाला हवा असतो? बायको अंगणवाडी सेविका. ती सकाळी जायची ती सुटल्यासारखी जायची.

अशात एका रविवारी आमच्या विहारात भंतेजींनी एक गोष्ट सांगितली. भंतेजी मूळचे श्रीलंकेचे, पण निगडीत इतकी वर्षं झाली की नवख्या रिक्षावाल्याला ते मराठीत रस्ता समजावतात. त्यांच्या गावाकडे, डोंगरात, एक बालगृह आहे. आईवडील नसलेली चाळीसेक मुलं. बाहेरदेशांतून माणसं सहा-सहा आठवडे येऊन तिथे हातभार लावतात. "कोणाला जायचं असेल तर पत्ता देतो," भंतेजी म्हणाले. सगळे आपापल्या चपला शोधायला लागले. माझा हात वर गेला.

हात वर करायची माझी जुनी खोड. कंपनीत 'रविवारी ओव्हरटाइमला कोण?' असं विचारलं तरी माझा हात डोक्याच्या आधी वर जायचा.

घरी येऊन मेल टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं. आपल्या आस्थेबद्दल आभार, आपल्यासारख्या माणसांसोबत काम करायला आम्हाला नेहमीच आवडतं, लवकरच कळवू. मला भरून आलं. दोन मिनिटांत उत्तर, म्हणजे किती गरज असेल त्यांना. असं उत्तर यंत्रच पाठवतं, हे बत्तीस वर्षं यंत्रांची सेवा केलेल्या माणसाला कळू नये? आमच्या कंपनीत कुठून साधी चौकशी आली तरी सेल्सवाले ऑर्डर मिळाली म्हणून पेढे वाटायचे आणि आम्ही मेंटेनन्सवाले त्यांचे पेढे खाऊन त्यांनाच हसायचो. ते पेढे मला आता बाधले.

विहाराच्या सचिवांनी विचारलं, "पक्कं ना?"

"पक्कंच समजा," मी म्हणालो.

पिंपरी-चिंचवडमध्ये एकदा 'पक्कं समजा' म्हटलं की पुढचं माणसाच्या हातात राहत नाही. दोन दिवसांत चौकात दहा बाय आठचा फ्लेक्स लागला. 'अनाथ बालकांचे आधारवड, आपले लाडके काका, यांना श्रीलंका दौऱ्याच्या हार्दिक शुभेच्छा. प्रस्थान : पुढच्या रविवारी.' फोटो कंपनीच्या लोणावळ्याच्या सहलीतला, काळ्या गॉगलमधला. खाली शुभेच्छुकांचे वीस चेहरे, त्यातल्या नऊ जणांना मी आजतागायत भेटलेलो नाही. सत्कार त्याआधीच्या बुधवारी, कारण प्रमुख पाहुण्यांना बुधवारच मोकळा होता.

आणि मग बालगृहाचा खरा मेल आला. सात पानांचा.

तो संचालिकाबाईंनी स्वतः लिहिलेला होता. भाषा सभ्य, पण मधे कुठेही हसू नाही. पोलिसांचा दाखला हवा, डॉक्टरांचा हवा. मुलांचे फोटो काढायचे नाहीत. भेटवस्तू, चॉकलेटं आणायची नाहीत. मूल जवळ आलं तर ठीक, आपण होऊन उचलायचं नाही. आईवडिलांबद्दल विचारायचं नाही. जे पाळता येणार नाही ते कबूल करायचं नाही. या ओळीखाली रेघ होती. आणि सहाव्या पानावर खरी मेख : आपल्या गावी लहान मुलांच्या एखाद्या संस्थेत सलग दहा दिवस, रोज चार तास काम करायचं. एक रविवार तेवढा सोडून. तिथल्या प्रमुखांनी त्याचा अहवाल परस्पर आमच्याकडे पाठवायचा. तो वाचून तुम्हाला बोलवायचं की नाही ते ठरवू.

मी मेल बायकोपुढे ठेवला. "काय, तुझ्याच अंगणवाडीत येतो की दहा दिवस. अहवाल तूच लिही."

तिनं चष्मा लावून सहावं पान पुन्हा वाचलं. "नातेवाइकाचा अहवाल चालणार नाही, असं लिहिलंय पुढे." मग कागद परत देत म्हणाली, "बाई हुशार दिसतेय."

शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता : तुम्हाला का यायचं आहे? मी दीड पान लिहिलं. करुणा, मानवता, विश्वबंधुत्व. बायकोनं भाजी निवडता निवडता वाचलं आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

"मी."

"मग तुम्ही स्वतःचं कधी लिहिणार?"

रागावून गॅलरीत जाऊन बसलो. आणि तिथे, कपड्यांच्या दोरीखाली, खरं काय ते लिहिलं गेलं. बत्तीस वर्षं तीन शिफ्टमध्ये काम केलं. पहिल्या शिफ्टला निघायचो तेव्हा माझी मुलं झोपलेली असायची. दुसऱ्या शिफ्टहून यायचो तेव्हाही झोपलेली. तिसरी शिफ्ट असली की दिवसा मी झोपायचो आणि त्यांना गप्प बसायला सांगितलं जायचं. दोघांचं लहानपण मी पाहिलं ते असं. आता मुलगा बंगळुरूला आणि मुलगी सासरी, दोघंही फोनवर मला आदरानं बोलतात, जसं साहेबाशी बोलतात. मूल म्हणजे काय असतं ते मला एकदा जागेपणी पाहायचं आहे. एवढंच लिहिलं. बायकोनं वाचलं, घडी करून पाकिटात घातलं.

म्हणजे आता मला जायचं होतं ते फ्लेक्ससाठीही आणि त्या कागदासाठीही. दोन्ही त्या चाळीस तासांवर अडकलं होतं.

पाळणाघर मिळालं ते चाकण रस्त्यावर, कुरुळीच्या पुढे. आजूबाजूच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या बायांची बावीस मुलं तिथे दिवसभर असत. चालवणाऱ्या ताई बीडकडच्या, चाळिशीच्या, आवाज शिट्टीसारखा. स्वयंपाकाला जवळच्याच गावातली एक मावशी. माझा अर्ज पाहून ताई म्हणाल्या, "चौकात फोटो हाय तो तुमचाच का, साहेब? मी बसमधून रोज बघते. गॉगल लावून लेकरं सांभाळायलेत म्हणलं कोण."

"तो जुना फोटो आहे," मी म्हणालो.

"आधारवड," ताई म्हणाल्या. "बघू."

अनुभव नसला तरी माझ्याकडे पद्धत होती. आमच्या कारखान्यात जमिनीवर पिवळी टेप मारलेली असते. ट्रॉली कुठे, कचऱ्याचा डबा कुठे, आग विझवायचं नळकांडं कुठे, सगळ्याला चौकोन. वस्तू चौकोनात नसली की लांबून कळतं. पहिल्या दिवशी मी वेळेआधी गेलो आणि फरशीवर बावीस चौकोन आखले. एक मूल, एक चौकोन. मुलं आली, कौतुकानं आपापल्या चौकोनात बसली. मी ताईंकडे बघितलं. त्या काहीच बोलल्या नाहीत. मला वाटलं, भारावल्या.

मग एकाला शोध लागला की टेपचं टोक नखानं निघतं.

खिचडीच्या वेळेपर्यंत एकही चौकोन जमिनीवर नव्हता. टेप मुलांच्या अंगावर होती, भिंतीवर होती, आणि तिघींच्या केसांत अशी गुंतली होती की ताई आणि मावशी खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसल्या. मी बाटलीचं झाकण धरून उभा.

"साहेब," ताई एकेक केस सोडवत म्हणाल्या, "कंपनीत माणसं बसतेत का अशा चौकोनात?"

"नाही, वस्तू ठेवतो."

"आन् ही काय हायेत?"

मावशी मान खाली घालून म्हणाली, "जाऊ द्या वो ताई. त्यांना कुटं ठावं हाय. पुरुष माणूस हाय त्यो." या बचावानं मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी भरवायचं काम आलं. मी एका वाटीला वेळ लावला, सरासरी काढली, आणि बाविसाव्या वाटीपर्यंत पहिल्याला पुन्हा भूक लागलेली असणार असा हिशेब सांगितला. ताईंनी एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर एक, समोर तीन अशी बैठक मारून पाच जणांना एकाच ताटलीतून जेवू घातलं. तिसऱ्या दिवशी झोपवायचं काम. एकाला मांडीवर घेऊन थोपटत, गुणगुणत बसलो. जरा वेळानं डोळे उघडले तर बावीसच्या बावीस मुलं माझ्याभोवती गोल करून बसलेली, आणि एक जण मला थोपटत होता. खोलीत झोपलेला मी एकटाच होतो.

घरी अभ्यास चालू होता. वेण्या घालता यायला हव्यात म्हणून फरशी पुसायच्या मॉपच्या दोऱ्यांवर सराव करायचो. बायको येऊन बघायची. "मॉपला छान दिसतेय," म्हणायची, आणि वेणी सोडून फरशी पुसायला घ्यायची. ती रोज अंगणवाडीतून आली की विचारायची, आज काय केलंत? मी सांगायचो, ती हसू दाबून एकच काहीतरी सांगायची. मुलाशी बोलताना उभं राहू नका. रडणाऱ्याला 'रडू नको' म्हणू नका, ते त्याचं काम करतंय. पंचवीस वर्षांचं तिचं शहाणपण मला असं रोज चमचाभर मिळत होतं, आणि मला ते आजवर कधी लागलं नव्हतं याचंच नवल वाटायचं.

पोलिसांच्या दाखल्यासाठी चौकीत गेलो तेव्हा हवालदारसाहेबांनी माझं नाव वाचून वर पाहिलं. "तुम्ही तर रविवारी चाललाय ना? फ्लेक्स बघितला. आणि दाखल्याला अर्ज आज?"

"जरा मागेपुढे होतंय."

"काका, आमच्याकडे गावात नसलेली माणसं असल्याचं दाखवतात. तुम्ही उलटं केलंय." पण अर्ज घेतला आणि शेजारच्या दोन घरी चौकशी करून गेले. शेजाऱ्यांनी काय सांगितलं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पाळणाघरात एका कामाला मात्र माझा हात बसला. तिथला नळ गळत होता, मोरीच्या दाराची कडी तुटली होती, दोन पंख्यांपैकी एक नुसता शोभेला होता. मुलांपासून थोडी सुटका म्हणून मी हत्यारांची पिशवी नेली. चौथ्या दिवशी नळ उघडून बसलो असताना शेजारी कोणीतरी आलं. तीनेक वर्षांची मुलगी. ती कोणाशी बोलायची नाही, खेळायची नाही. आई पॅकिंगच्या कामावर गेली की दारापाशी बसायची, ती थेट आई परत येईपर्यंत. आज ती दार सोडून उठली होती, हे ताईंनी लांबून पाहिलं आणि हातातलं काम थांबवलं.

मुलगी काही बोलली नाही. मीही बोललो नाही. खरं तर पाना अडकला होता. तिनं पिशवीतले वायसर, त्या भोकाच्या लोखंडी चकत्या, काढले आणि एकेक बोटात घातले. दहा बोटं, सात वायसर. उरलेली तीन बोटं तिनं माझ्यापुढे धरली.

"उद्या आणतो," मी म्हणालो. "मोठे. चकचकीत."

सात पानांतली ती खाली रेघ असलेली ओळ त्या क्षणी मला आठवली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. आठवलं ते वेगळंच, आणि घरी पोचल्यावर. उद्या बुधवार. उद्या सत्कार.

रद्द करता आला असता. सचिवांना एक फोन. पण फोनवर काय सांगणार, की अजून निवडच नाही? मी ताईंना फोन करून 'उद्या जरा कार्यक्रम आहे' म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरं." इतका कोरा 'बरं' मी आयुष्यात ऐकला नव्हता.

बुधवारी मला शाल मिळाली. 'बालमन समजून घेताना' या विषयावर मी वीस मिनिटं बोललो. भंतेजी पहिल्या रांगेत बसले होते आणि भाषणभर माझ्याकडे इतक्या शांतपणे पाहत होते की मला दोनदा पाणी प्यावं लागलं.

गुरुवारी तीन नवेकोरे वायसर खिशात घालून पाळणाघरात गेलो. मुलगी दारात होती. मला पाहिलं आणि पाठ फिरवली. लहान पाठ, पण पूर्ण फिरवली.

"काल तुमची वाट बघत बसली होती," ताई म्हणाल्या. "आईची न्हाई, तुमची. खिचडी सुद्धा खाल्ली न्हाई. तिचा बाप असाच 'उद्या येतो' म्हणून गेलाय दीड वर्षामागं."

वायसर खिशात टोचत होते.

"आन् दुसरं. त्या बाईंनी सलग दहा दिवस लिहिलंय. तुमचे चार झाले आन् तुटले. आजपासून पहिला दिवस धरते."

"ताई, पण रविवारी..."

"रविवारी तुम्ही चौकात चाललाय, साहेब. माझ्या वहीत न्हाई."

तर रविवार आला आणि मी गेलो नाही. त्यानंतरचे दिवस मी मंडईतसुद्धा हेल्मेट घालून फिरलो. भाजीवाल्या मावशी काच वर करायला लावून ओळख पटवायच्या आणि मगच कोथिंबीर द्यायच्या. सचिव रस्त्यात भेटले की 'विमानाचं काही कळलं का?' विचारायचे, जणू विमानच हरवलं आहे. मी एकदाचा विहारात गेलो आणि भंतेजींसमोर सचिवांना सगळं खरं सांगून टाकलं, की निवड झालेली नाही, होईल की नाही माहीत नाही. सचिव डोक्याला हात लावून बसले. भंतेजी म्हणाले, "हे भाषण चांगलं होतं. छोटं होतं." पुढच्या आठवड्यात माझ्या फ्लेक्सवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला आणि मी हेल्मेट फक्त गाडीवर घालायला लागलो.

दुसऱ्या खेपेचे दहा दिवस पहिल्या चारांसारखे नव्हते. टेप नाही, सरासरी नाही. मी जमिनीवर बसायचो. भरवताना दोन मुलं एकदम जमायला लागली; तिसरं घेतलं की खिचडी माझ्या कानात जायची. झोपवायच्या वेळी ताई मला बाहेर पाठवायच्या. पंखा फिरायला लागला, कडी बसली, मुलांना पोचेल इतक्या उंचीवर दुसरा नळ निघाला. मुलगी दारातच. मी नळापाशी. ते तीन वायसर मी पहिल्या दिवशी तिच्यापासून हातभर लांब ठेवले, आणि ते तिथेच पडून राहिले. दोन दिवस, तीन दिवस. मावशी झाडताना त्यांच्याभोवतीनं झाडायची.

मी बायकोला विचारलं, तिची समजूत कशी काढू?

"काढू नका," ती म्हणाली. "रोज वेळेवर जा. तेवढं बघते ती."

एवढं साधं काम, आणि एवढं अवघड. कुरुळी फाट्यावर ट्रक अडकले होते तेव्हा मी गाडी एका गॅरेजसमोर लावून दीड किलोमीटर पळत गेलो. साठीकडे झुकलेला माणूस, हातात हेल्मेट, शर्ट चिकटलेला. दहाला दोन मिनिटं कमी असताना दारात पोचलो. मुलीनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या धापेकडे पाहिलं, आणि बाजूला सरकून आत जायला वाट दिली.

सहाव्या दिवशी तिनं न विचारता माझ्या पिशवीतला पेचकस काढला आणि शेजारी बसली. वायसरही घेतले, बोटांत घातले. माझ्या आयुष्यात गप्प बसणं मला जमलं असेल तर ते त्या पंधरा मिनिटांत.

पण दहावा दिवस समोर होता, आणि मला एकदा सांगायचं होतं. आठव्या दिवशी मी तिच्यासमोर बसलो, तिच्या बोटांतल्या तीन नव्या वायसरांवर बोट ठेवत म्हणालो, "हा आज. हा उद्या. हा सुट्टीनंतर. मग मी येणार नाही. मग माझं काम संपलं." तिनं वायसरांकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी आली तेव्हा एक काढून ठेवलेला होता. शेवटच्या दिवशी बोटात एकच होता.

दोन वाजता मी पिशवी आवरली. तिनं विचारलं, "उद्या नाही?" तिचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"नाही."

"बरं," ती म्हणाली, शेवटचा वायसर माझ्या तळहातावर ठेवला आणि इतर मुलांत जाऊन पडली. ताई तिच्या पाठीवर हात फिरवत बसल्या. आणि मी, आधारवड, मोरीवर जाऊन नळ सोडून तोंड धूत राहिलो. बराच वेळ.

"साहेब," ताई आतून म्हणाल्या, "टँकरचं पाणी हाय ते."

ताईंचा अहवाल मराठीत होता, स्वतःच्या अक्षरात, अडीच पानं. पाकीट चिकटवून त्यांनी ते थेट भंतेजींकडे दिलं. भंतेजींनी सिंहलीत उतरवून बालगृहाला धाडलं. मला त्यातलं अक्षर दिसलं नाही. भंतेजींना मी आडून आडून विचारून पाहिलं. "अक्षर सुंदर आहे," एवढंच ते म्हणाले.

बारा दिवसांनी व्हिडिओ कॉल ठरला, सकाळी अकराला. मी इस्त्रीचा शर्ट घातला, मोबाइल पुस्तकांवर टेकवून ठेवला. संचालिकाबाई पडद्यावर आल्या. पांढरे केस, पांढरी साडी, मागे खिडकीत धुकं. आमचं इंग्रजी दोघांचंही बेताचं, त्यामुळे सगळं सरळसरळच बोललं गेलं.

"अहवालात लिहिलंय की तुम्ही पहिल्या दिवशी मुलांना टेप लावली."

"जमिनीला. जमिनीला लावली," मी म्हणालो. "मुलांना नंतर लागली."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "भरवता येत नाही. झोपवता येत नाही. वेणी येत नाही."

"मॉपला येते," मागून बायको मराठीत पुटपुटली. त्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी होती आणि ती मागे कपड्यांच्या घड्या घालत असल्याचं नाटक करत होती.

"आणि एका मुलीला दिलेला शब्द मोडला."

"हो," मी म्हणालो. सांगायला बरंच काही होतं, ते मी सांगितलं नाही.

बाई कागद उलटून वाचत राहिल्या. "शेवटी त्या लिहितात, हा माणूस चुकला की दुसऱ्या दिवशी परत येतो. लाजून घरी बसत नाही." त्यांनी चष्मा काढला. "आमच्याकडे हुशार लोक पुष्कळ येतात. चुकले की निघून जातात." मग त्या एकदम प्रश्नांकडे वळल्या. मुलाला ताप चढला आणि डॉक्टर दोन तास लांब असला तर काय कराल?

मी तोंड उघडलं. मागून बायकोनं घडी खाली ठेवली आणि तिच्या अंगणवाडीच्या इंग्रजीत सांगायला लागली. कपडे सैल, कोमट पाण्याची पट्टी, थोडं थोडं पाणी, ताप किती ते दर थोड्या वेळानं लिहून ठेवायचं, कुठली खूण दिसली की थांबायचं नाही, गाडी काढायची. बाईंनी दुसरा प्रश्न विचारला. अंथरूण ओलं करणाऱ्या सात वर्षांच्या मुलाचं? बायको खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली. तिसऱ्या प्रश्नाला मी पडद्याच्या कडेला गेलो होतो; चौथ्याला माझा फक्त कान दिसत असावा. दोघी वीस मिनिटं बोलल्या. मधे एकदा दोघी हसल्या, कशाला ते मला कळलं नाही, पण माझ्याकडे बघून हसल्या.

"तुम्ही किती वर्षं हे काम करता?" बाईंनी तिला विचारलं.

"पंचवीस."

"मग सहा आठवडे तुम्हीच का येत नाही?"

"मला सुट्टी नाही मिळत. आणि माझी मुलं इथे आहेत ना, अंगणवाडीतली." बायकोनं माझ्या दंडाला धरून मला पुन्हा पडद्यात ओढलं. "हेच मोकळे आहेत."

बाई आमच्या दोघांकडे पाहत राहिल्या, आळीपाळीनं. तिच्याकडे पाहताना चेहरा एक असायचा, माझ्याकडे पाहताना दुसरा. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि वहीत खूण केली.

"मग नाइलाज आहे," त्या म्हणाल्या. "यांनाच पाठवा."